गोल्फलाही हवा आपला संघ

पांडेसऱ्यात गल्लोगल्ली क्रिकेट रंगते. गोल्फ मात्र आपल्याला परका वाटतो. १९०४ च्या ऑलिंपिकमध्ये गोल्फची सांघिक स्पर्धाही होती. पुढे हा खेळ ११२ वर्षे ऑलिंपिकबाहेर राहिला. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये लक्ष्मण सिंग यांनी वैयक्तिक सुवर्ण जिंकले, सांघिक सुवर्णही भारतालाच मिळाले. २०१६ मध्ये गोल्फ ऑलिंपिकमध्ये परतला, पण केवळ वैयक्तिक. टोकियोत पुण्याचे उदयन माने आणि अनिर्बान लाहिरी एकाच मैदानावर खेळले, तरी प्रत्येकाचा हिशेब वेगळा. अदिती अशोक चौथी आली, तेव्हा पहाटेपासून टीव्हीसमोर बसलेला देश हळहळला. २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये स्त्री-पुरुषांचा मिश्र संघ खेळेल. मंडळाचा मांडव असो वा मैदान, ‘आपले’ म्हटले की माणसे जमतात.