हिमालयातील सांघिक पदभ्रमण

महाराष्ट्रातून गटाने हिमालयात पायी हिंडायला जाण्याची प्रथा स्वातंत्र्यानंतर रुजली. त्याआधी त्या उंचीवर जाणाऱ्यांत स्थानिक मेंढपाळ, व्यापारी आणि यात्रेकरू सोडले तर भरणा होता तो ब्रिटिश अधिकाऱ्यांचा. 1928 साली स्थापन झालेला हिमालयन क्लबही सुरुवातीला प्रामुख्याने त्यांचाच होता. 1953 मध्ये तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर पोहोचले आणि चित्र पालटले. पुढच्याच वर्षी दार्जिलिंगला गिर्यारोहण शिकवणारी संस्था सुरू झाली, तर मुंबईत ‘गिरिविहार’ ही गिर्यारोहकांची संस्था निघाली. सह्याद्रीतले किल्ले पालथे घालणाऱ्या तरुणांना बर्फाची वाट अशी मोकळी झाली. 1988 साली गिरिविहारने थेट कांचनगंगेवर मोहीम नेली.

मोहिमा मात्र मोजक्यांच्याच आवाक्यातल्या. नोकरदार, विद्यार्थी, गृहिणी यांना हिमालय दाखवला तो यूथ हॉस्टेल चळवळीने. रिचर्ड शिरमान या जर्मन शिक्षकाला 1909 मध्ये सुचलेली ही कल्पना. तिची भारतीय संघटना 1949 साली उभी राहिली. या संघटनेच्या ट्रेकची आखणी साधी आणि फार हुशारीची आहे. कुलू जिल्ह्यात कसोलहून निघणाऱ्या सर पासच्या ट्रेकवर मे महिन्यात रोज नवी बॅच बेस कॅम्पवर दाखल होते. विरळ हवेची सवय होण्यासाठी आधी जवळपासची चढउतार होते, मग वाटचाल सुरू. पुढच्या प्रत्येक मुक्कामावर तंबू, भांडी आणि स्वयंपाकी कायम असतात. पुढच्या बॅचने सकाळी सोडलेला तंबू मागची बॅच संध्याकाळी भरते. सामान रोज हलवावे लागत नाही, म्हणून खर्च कमी. मुक्कामावरचे लीडर बरेचदा नोकरीतून रजा काढून आलेले स्वयंसेवक असतात. रात्रीच्या कॅम्पफायरमध्ये लाकूड जाळत नाहीत. दिव्याभोवती गाणी होतात आणि शेवटी गरम बोर्नव्हिटा मिळतो. सुमारे 4,200 मीटरची खिंड अनेक मराठी माणसांनी पहिल्यांदा ओलांडली ती अशा स्वस्त, शिस्तीच्या व्यवस्थेमुळेच. या स्वयंसेवकांचे ऋण मोठे आहे.

व्यावसायिक ट्रेकचा उगम काठमांडूचा. जिमी रॉबर्ट्स या निवृत्त ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने 1964 मध्ये तिथे कंपनी काढली आणि पुढच्या वर्षी तीन अमेरिकन महिलांना एव्हरेस्टच्या दिशेने नेले. शेर्पा, तंबू, जेवण असे सारे पैसे भरून मिळण्याची ही पद्धत भारतात इंटरनेट आल्यावर फोफावली. गर्दी इतकी वाढली की उंचावरच्या गवताळ कुरणांवर, म्हणजे बुग्याळांवर, तंबूंची गावेच वसू लागली. 2018 मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने तिथला रात्रीचा मुक्काम बंद केला. रूपकुंडसारख्या लोकप्रिय वाटांना त्याचा फटका बसला, तरी वर्षातले कित्येक महिने बर्फाखाली राहणारे ते गवत वाचवायला हाच निर्णय हवा होता.

आखातातल्या मराठी कुटुंबांचे गणित थोडे वेगळे. उदाहरणार्थ, बहरीनचा सर्वात उंच डोंगर, जबल अल दुखान, जेमतेम 134 मीटरचा, म्हणजे घराजवळ चढाईचा सराव नाही. तिथल्या भारतीय शाळांना मोठी सुटी जुलै-ऑगस्टमध्ये असते. तेव्हा हिमालयाच्या दक्षिण उतारांवर पाऊस कोसळत असतो आणि दरडी पडतात, त्यामुळे मे महिन्यातल्या वाटा या मंडळींना जमत नाहीत. त्यांच्यासाठी उरते पर्जन्यछायेतले लडाख, किंवा पावसातच बहरणारी गढवालमधली फुलांची दरी. 1931 साली कामेत शिखर सर करून परतताना फ्रँक स्माइथ या दरीत उतरला आणि त्याच्या लेखनामुळे ती जगाला ठाऊक झाली. लेह सुमारे 3,500 मीटरवर आहे आणि विमान तिथे काही तासांतच नेऊन सोडते. डोकेदुखी, मळमळ, क्वचित फुप्फुसांत पाणी होणे हे त्या घाईचे परिणाम, आणि वय किंवा व्यायाम त्यापासून वाचवत नाही. म्हणून ट्रेकच्या तारखा ठरवतानाच लेहमध्ये निदान दोन दिवस पूर्ण विश्रांतीचे धरावेत.