लैलाची शाळा

लैला-मजनू ही नावं आपण सिनेमातून, गाण्यांतून ऐकली आहेत. मूळची ही अरबस्तानातली कथा. निजामी या फारसी कवीनं ११८८ साली तिच्यावर मोठं काव्य रचलं. जेम्स ॲटकिन्सन यांनी १८३६ साली ते इंग्रजीत आणलं.

भाषांतरातून सगळी गोष्ट कळते, तेव्हा मजनूच्या वेडामागं झाकलेली लैला दिसते. दोघं एकाच शाळेत शिकत होती. लोक कुजबुजू लागले आणि लैलाला घरात बसवलं. पुढं वडिलांनी तिचं लग्न दुसऱ्याशीच लावून दिलं.

याच निजामीनं त्याआधी शिरीनची कथा लिहिली होती. शिरीनची आत्या आर्मेनियाची राणी. तिच्या हाताखाली वाढलेली शिरीन घोड्यावर बसून एकटी दूरदेशी गेली. लग्नाशिवाय खुस्रो राजाला तिनं जवळ येऊ दिलं नाही. आत्यामागं राज्यही सांभाळलं.

कवी एकच. एकीला घरात कोंडलं, दुसरीच्या पाठीशी आत्या उभी राहिली. आजही मुलीचं नाव लोकांच्या तोंडी आलं की आधी तिची शाळा सुटते. म्हणून गटात ही गोष्ट सांगताना आम्ही मजनूच्या आधी लैलाची शाळा सांगतो. आणि विचारतो, आपल्या गल्लीतल्या लैलाची आत्या कोण होणार?