मोळीचा भाव, खंडीचे वजन

वखारीत सरपण घ्यायला गेलेला जाणता माणूस आधी भाव विचारत नसे. तो दोन ढलप्या उचलून एकमेकींवर आपटायचा. खणखणीत आवाज आला तर लाकूड वाळलेले, बद्द आवाज आला तर आत पाणी. मग ढलपीचे टोक बघायचे. गाभ्यापासून सालीकडे चिरा गेलेल्या असतील तर लाकडाने एक उन्हाळा काढला आहे. साल नखाने सुटते का, भोके पडून पिठासारखा भुगा गळतो का, आकाराच्या मानाने हाताला किती जड लागते, हे सगळे पाहून झाल्यावर मग भावाची गोष्ट. एवढी पारख अंगी असावीच लागे, कारण सरपण ज्या ज्या मापाने विकले जाई, त्यातले प्रत्येक माप कुठे ना कुठे दगा देणारे होते.

सगळ्यात जुने माप म्हणजे मोळी. ठाणे, कुलाबा, नाशिकच्या डोंगरपट्ट्यांतून कातकरी, ठाकर, वारली बायका पहाटे मोळ्या घेऊन बाजाराच्या गावी उतरत. मोळीचे वजन कुणी करत नसे, डोळ्यांनी अंदाज घ्यायचा. त्यामुळे मोळीच्या व्यवहारात लाकडाची जात फार महत्त्वाची. पूर्ण वाळलेले लाकूड कुठल्याही झाडाचे असो, किलोमागे धग जवळपास सारखीच देते. फरक असतो तो घट्टपणाचा. धावडा, खैर, बाभूळ ही जड लाकडे. सावर आणि पांगारा इतके हलके की त्याच आकाराची धावड्याची ढलपी त्यांच्या दुपटीहून जास्त भरते. म्हणजे कवेत मावणार नाही एवढी पांगाऱ्याची मोळी लहानशा धावड्याच्या मोळीपुढे फिकी पडे. वाकड्यातिकड्या फांद्यांची मोळी फुगते तीही आतल्या पोकळीने, हे घरातल्या म्हाताऱ्या बायकांना चांगले ठाऊक असे. त्या मोळीचा घेर पाहत नसत, मधे हात घालून बघत.

वखारीत मात्र काटा होता, आणि काट्यावर सगळा हिशेबच उलटायचा. वजनाने घ्यायचे म्हटले की झाडाच्या जातीला फारसे महत्त्व उरत नाही, पाण्याला येते. नुकत्या तोडलेल्या लाकडाचे निम्मे वजन पाण्याचे असू शकते. नीट वाळवलेल्यात ते पाचव्या हिश्श्यावर येते. ४० किलो ओल्या लाकडात खरे लाकूड २० किलो, ४० किलो सुक्यात ३२. दोन्हींचा भाव एकच असेल तर ओले घेणाऱ्याला धगीचा रुपया दीडपटीहून महाग पडला. शिवाय ते २० किलो पाणी चुलीतच उडवायचे, आणि त्यासाठी आणखी तीनेक किलो सुके लाकूड जाळल्याइतकी धग खर्ची पडते. लाकडाच्या मागच्या टोकाला फेस येऊन ते चुरचुरू लागले की घरातली बाई वखारवाल्याच्या नावाने बोटे मोडायची, ती उगीच नव्हे.

म्हणूनच आगोटीची खरेदी. कोकणात वैशाखातच पावसाळ्याचे सरपण पडवीत रचून ठेवायचे. तेव्हा लाकूड कोरडे आणि गाड्यांची वाट मोकळी. श्रावणात वखार गाठणारा माणूस जास्त भावाने पाणी विकत घ्यायचा.

काटा आला तरी मण एक नव्हता. मुंबईचा मण ४० शेरांचा आणि सुमारे २८ पौंडांचा, म्हणजे पावणेतेरा किलोंच्या आसपास. रेल्वेने ज्या मणाचा हिशेब धरला, तो ८२ पौंडांहून जास्त, म्हणजे ३७ किलोंच्या वर. नाव एकच, माल जवळपास तिप्पट. खंडीचीही तीच गत. मुंबईची साधी खंडी २० मणांची, ५६० पौंडांची. पण कापसाची खंडी २८ मणांची, ७८४ पौंडांची. परगावाहून आलेल्या गिऱ्हाईकाला ‘मणाला इतके आणे’ एवढे ऐकून काहीच कळायचे नाही, कुठला मण ते विचारावे लागे. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक वजने आणली, १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बंधनकारक झाली. हा घोळ तेव्हा मिटला. पाण्याचा मात्र नाही.

मुंबईसारख्या शहराची चूल ठाणे-कुलाब्याच्या रानांवर पेटायची. वैतरणा, उल्हास या नद्यांच्या खाड्यांतून लाकूड पडाव-मचव्यांत भरून येई. दारूखान्यातल्या लाकडी बंदराच्या नावात ती ये-जा अजून टिकून आहे. पुणे, सोलापूरकडच्या कोरड्या मुलखात नदीकाठची बाभूळबने सरकारने सरपणासाठी राखली होती.

पण भाव वाजवी आहे की नाही, हा प्रश्न नेहमी घेणाऱ्याच्या बाजूनेच का विचारला जावा? १८६५ चा आणि मग १८७८ चा जंगल कायदा आला. ज्या रानातून पिढ्यान्‌पिढ्या फाटा आणला, ते राखीव झाले. भाताच्या रोपांसाठी राब भाजायला लागणाऱ्या फांद्या तोडणे हाही गुन्हा ठरू लागला. कातकऱ्यांचा काताचा धंदा आवळला गेला आणि ते कोळशाच्या भट्ट्यांवर मजुरीला लागले. महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगल खात्यावर तोफ डागली ती याच काळात. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत असंतोष एवढा वाढला की सरकारला १८८५ मध्ये जंगल आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला.

या सगळ्यानंतर बाजारात आलेल्या मोळीत लाकडाखेरीज आणखी बरेच काही बांधलेले असे. रानातली दिवसभराची वणवण, डोक्यावर वीस-पंचवीस किलो घेऊन तुडवलेली वाट, पकडले जाण्याची धास्ती आणि नाक्यावर द्यावी लागणारी चिरीमिरी. गिऱ्हाईकाला यातले काही दिसत नसे. त्याला एवढेच ठाऊक की दुपार कलली की भाव उतरतो. उतरणारच, कारण न विकलेली मोळी पुन्हा डोक्यावर घेऊन डोंगर चढणे त्या बाईला परवडणारे नसे. संध्याकाळी निम्म्या पैशांत घेतलेल्या मोळीला कुणी स्वस्त सौदा म्हणत असेल, पण ती नाडवणूक होती.

१९४५ मध्ये डहाणू, उंबरगाव, तलासरीच्या पट्ट्यात वारली उठले. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये त्या लढ्याची हकीकत सांगितली आहे. जमीनदाराच्या घरी वेठीने राबायला आणि लाकूडफाटा टाकायला नकार देण्यापासून गोष्ट सुरू झाली आणि मजुरीच्या दरापर्यंत गेली. ५०० पौंड गवत कापायला अडीच रुपये, जंगलकामाला दिवसाला सव्वा रुपया, अशा मागण्या होत्या. तोडणाऱ्या हाताची किंमत हिशेबात धरा, असे रानातल्या माणसांनी ठेकेदाराला सुनावले. १९४७ पासून मुंबई प्रांतात जंगल कामगारांच्या सहकारी सोसायट्या निघाल्या आणि ठेकेदारांऐवजी त्यांना कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा, तोडायला मिळू लागला.

कुपात जळाऊ लाकूड तोलत नाहीत, रचतात. विदर्भात या रचलेल्या ढिगाला बीट म्हणतात आणि निस्ताराच्या, म्हणजे घरगुती गरजेपुरत्या जंगलहक्काच्या, सवलतीने गावकऱ्यांना देण्याची तिथे जुनी रीत आहे. ढिगाची लांबी-रुंदी मीटरने मोजली तरी सरळ लाकडांच्या ढिगातही साधारण तिसरा हिस्सा हवा असते, वेडीवाकडी असली तर निम्म्यापर्यंत. रचणाऱ्याचा हात सैल की घट्ट, यावर घेणाऱ्याचे नशीब. मोळीत हात घालून बघणाऱ्या बाईची पारख इथेही तितकीच कामाची.

१९५० च्या दशकाच्या मध्यात मुंबईत सिलिंडरचा गॅस आला, २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, आणि शहरांतल्या वखारी एकेक करून बंद पडल्या. उरल्या त्या मुख्यतः स्मशानांच्या आसपास, आणि तिथे घासाघीस कुणी करत नाही. पावसाळ्यात ओले लाकूड गळ्यात पडले तरी माणसे गप्प राहतात. हे काटेकोरपणे बघायचे काम नगरपालिकांचे आहे, आणि ते व्हायला हवे.

मुंबईच्या पावाच्या भट्ट्यांतही लाकूड जळत राहिले. अनेक ठिकाणी ते मोडक्या फर्निचरचे, जुन्या दारा-खिडक्यांचे. भंगाराच्या लाकडाला पैसे कमी पडतात आणि ते हाडासारखे सुकलेले असते, त्यामुळे खणखण ऐकून पारखणाऱ्यालाही त्यात खोट सापडली नसती. पण त्यावरचा रंग आणि प्लायवूडचा डिंक जळतो तेव्हा निघणारा धूर शेजारच्या चाळीत शिरतो, आणि त्याचे पैसे बेकरीवाला भरत नाही. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या भट्ट्या गॅससारख्या इंधनांवर नेण्यासाठी सहा महिन्यांची मुदत घातली. त्यानंतर बेकऱ्यांमध्ये पुन्हा हिशेब मांडले जाऊ लागले: भट्टी बदलायचा खर्च किती, गॅसचा किती, आणि लादी पावाचा भाव किती वाढवायचा.