धमनी सांधली, पण मूत्रपिंडाचे काय? (थ्रेड)

दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी सैनिकांच्या २,४७१ धमनी-जखमांचा अभ्यास डीबेकी आणि सिमियोन यांनी १९४६ साली प्रसिद्ध केला. त्यांतील शिवल्या गेलेल्या धमन्या अवघ्या ८१! बहुतेक बांधूनच टाकल्या गेल्या. तशा सैनिकांपैकी जवळजवळ निम्म्यांना हात वा पाय गमवावा लागला.

कोरियात चित्र पालटले. धमन्या सांधल्या जाऊ लागल्या आणि अवयवच्छेदाचे प्रमाण सुमारे १३ टक्क्यांवर आले. पण शस्त्रक्रियेतून वाचलेल्या काही जखमींची लघवी पुढे बंद होई. रक्तदाब कोसळला की शरीर आधी मेंदू व हृदय राखते आणि मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा आखडता घेते. ती निकामी झाली की रक्तातील पोटॅशियम चढते आणि हृदय थांबते. (लंडनच्या बॉम्बहल्ल्यांत ढिगाऱ्यातून सुखरूप काढलेली माणसे अशीच दगावल्याचे बायवॉटर्स व बील यांनी १९४१ मध्येच नोंदवले होते.)

१९५२ साली वोंजू येथील लष्करी रुग्णालयात कृत्रिम मूत्रपिंडाचे यंत्र आले. तोवर अशा दहा रुग्णांपैकी आठ-नऊ दगावत. ते प्रमाण निम्म्याच्या आसपास आले. यंत्राचे कौतुक रास्तच, परंतु खरा फरक मला पुढच्या आकड्यांत दिसतो. कोरियात दर २०० जखमींमागे एकाची मूत्रपिंडे निकामी झाली, व्हिएतनाममध्ये दर ६०० मागे एकाची. जखमी हेलिकॉप्टरने लवकर पोहोचू लागला, त्याला रक्त आणि सलाईन वेळेवर मिळू लागले. यंत्राची गरज पडण्याआधीच मूत्रपिंडे वाचू लागली.

औषधाचा मोह मात्र सुटला नाही. उदरातील महाधमनीचा फुगा कापताना वरचा प्रवाह क्लॅम्पने रोखावा लागतो. अशा वेळी मॅनिटॉल देण्याचा प्रयोग बॅरी आणि सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये मांडला. लघवी वाहू लागली, शल्यविशारद निश्चिंत झाले. पण लघवी वाहणे म्हणजे मूत्रपिंड वाचणे नव्हे, हे कळायला काही दशके लागली. अल्प मात्रेतील डोपामाइनचीही तीच गत: २००० साली ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधील ३२८ रुग्णांच्या चाचणीत त्याचा मूत्रपिंडांना लाभ दिसला नाही.

फुगा फुटलेला रुग्ण आला की आजही अनेकदा पहिला क्लॅम्प घाईत मूत्रपिंडांच्या धमन्यांच्या वर लागतो. मग शल्यविशारद घड्याळाकडे लक्ष ठेवून, शक्य तितक्या लवकर, तो त्या धमन्यांच्या खाली आणतात.