लेखन कोणत्या विभागाचे? : एक प्रस्तावना

महाविद्यालयात विद्यार्थ्याचे लेखन कच्चे निघाले की सगळ्यांचे बोट भाषा विभागाकडे वळते. वनस्पतिशास्त्राची प्रॅक्टिकल फाइल असो, वाणिज्याचा प्रकल्प असो की इतिहासाचे दीर्घोत्तर, 'यांना भाषाच येत नाही' असा शेरा मारून आपण मोकळे होतो. हा शेरा मला अपुरा वाटतो. प्रयोगाची नोंद कशी लिहावी हे रसायनशास्त्राच्या शिक्षकाइतके नेमके दुसरे कोण सांगणार? साधनाची विश्वासार्हता तपासून विधान कसे करावे हे इतिहासाच्या शिक्षकानेच शिकवायला हवे. आणि हे सगळ्या विभागांत खरोखर घडते आहे ना, हे पाहणारी एक व्यक्ती महाविद्यालयात असायला हवी. विविध विषयांतील लेखनप्रधान अभ्यासक्रमांची देखरेख हे त्या व्यक्तीचे काम. या कामाकडे नव्याने वळणाऱ्या सहकाऱ्यांचे मनापासून स्वागत करण्यासाठी ही प्रस्तावना लिहितो आहे.

बालाघाट जिल्ह्यातल्या वारासिवनीसारख्या ठिकाणी या कामाला वेगळी निकड आहे. आमचे बरेचसे विद्यार्थी आसपासच्या खेड्यांतून येतात. कोणाच्या घरी पोवारी, कोणाच्या मराठी, कोणाच्या गोंडी. वर्गात हिंदी आणि संदर्भग्रंथ इंग्रजीत. त्यात 2021-22 पासून मध्य प्रदेशातील महाविद्यालयांत नवे शिक्षण धोरण लागू झाले आणि प्रकल्प, इंटर्नशिप, सामुदायिक सहभाग या गोष्टी पदवीचा भाग बनल्या. म्हणजे अहवाल आता कला, वाणिज्य, विज्ञान अशा प्रत्येक शाखेत लिहावा लागतो. तो लिहायला शिकवण्याचा तास मात्र वेळापत्रकात सापडत नाही. मग ती पोकळी तयार फाइल भरून काढते, नाहीतर मोबाइलवर आयते मिळणारे उत्तर.

ही अडचण आपल्यापुरती नाही. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या सेंट्रल कॉलेजमध्ये 1969-70 च्या सुमारास बार्बरा वॉल्व्हूर्ड यांनी वेगवेगळ्या विषयांच्या प्राध्यापकांना विद्यार्थ्यांच्या लेखनावर बोलण्यासाठी एकत्र बसवले. इंग्लंडमध्ये जेम्स ब्रिटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळकरी मुलांच्या सर्व विषयांतील लेखनाचा अभ्यास 1975 मध्ये प्रसिद्ध केला. 1977 मध्ये जॅनेट एमिग यांनी लेखन ही स्वतःच शिकण्याची एक पद्धत आहे, असा सिद्धान्त मांडला. त्यापुढचे पाऊल विद्यापीठांनी उचलले. हवाई विद्यापीठाच्या मानोआ परिसरात 1987 पासून लेखनप्रधान अभ्यासक्रम चालतात. तिथे अशा वर्गात साधारण वीसच विद्यार्थी घेतात, सत्रभरात सुमारे सोळा पाने लिहून घेतात आणि शिक्षकाच्या अभिप्रायानंतर दुरुस्ती करून घेणे हा अभ्यासक्रमाचाच भाग मानतात.

मराठी वाचकाला या विचाराचे नवल वाटू नये. आपले ज्ञानविषयक गद्य मोठ्या प्रमाणात त्या त्या विषयाच्या माणसांनीच घडवले. एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांनी 1832 मध्ये 'दर्पण' काढले आणि 1840 मध्ये 'दिग्दर्शन' मासिक. महात्मा फुल्यांनी 1883 मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना शेतीचे अर्थकारणच उलगडले. इरावती कर्वे मानवशास्त्राच्या, जयंत नारळीकर खगोलशास्त्राचे. यांपैकी कोणी आपला विषय लिहून सांगण्याचे काम भाषेच्या अध्यापकावर सोपवले नाही.

लेखनाने विषय कसा कळतो, हे एका उदाहरणाने पाहू. वारासिवनीच्या हातमागाच्या साडीला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. समजा, वाणिज्याच्या एका विद्यार्थिनीने हातमाग हा प्रकल्पाचा विषय घेतला. तिचे पहिले वाक्य बहुधा असे असेल : 'आधुनिक काळात हातमाग उद्योग डबघाईला आला आहे.' वाक्य व्याकरणशुद्ध आहे, पण ते कोणत्याही गावातल्या कोणत्याही धंद्याला चालेल. इथे शिक्षकाने लाल शाईने काही खोडू नये, समासात प्रश्न लिहावेत. एक साडी विणायला किती दिवस लागतात? सूत कोण देतो, रोखीने की उधारीवर? ताणा कोण लावतो, कांड्या कोण भरतो? मुलगी पुन्हा विणकराच्या घरी जाते, खर्चाचा तक्ता मांडायला बसते आणि अडते. कांड्या घरातली बाई भरते. तिची मजुरी कोणत्या रकान्यात धरायची? हिशेबात तिचा पैसा कुठेच दिसत नाही. हे लक्षात येताच त्या मुलीला परिव्यय लेखाशास्त्रातला मोठा प्रश्न स्वतःहून सापडलेला असतो. दुसऱ्या खर्ड्यातले वाक्य मग दुसऱ्या कोणाच्या फाइलमधून उतरवता येत नाही.

देखरेख करणाऱ्याचे काम अशा संधी प्रत्येक विभागात निर्माण करणे, हे आहे. त्यासाठी तीन गोष्टी कराव्यात. पहिली, प्रत्येक विभागाकडून 'आमच्या विषयात चांगले लेखन कशाला म्हणतात' हे एका पानात लिहून घ्यावे. भौतिकशास्त्राचे आणि समाजशास्त्राचे पान सारखे येणार नाही, येऊही नये. दुसरी, विद्यार्थ्याचा एकच अहवाल तीन विभागांच्या शिक्षकांनी वेगवेगळा तपासून मग एकत्र चर्चा करावी. कोणी शुद्धलेखनाचे गुण कापलेले असतात, कोणी निष्कर्षाचे. आपण नेमके काय तपासतो, हे इथेच उघड होते. तिसरी गोष्ट शिक्षकाच्या वेळेची. आपल्याकडे वर्गात वीस विद्यार्थी क्वचितच असतात. ऐंशी जणांची दहा-दहा पाने वाचायची म्हटली तर आठशे पाने होतात आणि कोणीही थकेल. म्हणून एका पानाचे लेखन द्यावे, त्यातल्या दोनच मुद्द्यांवर अभिप्राय द्यावा, आणि तो गुण देण्याआधी द्यावा. गुण मिळाल्यावर शेरा कोणी वाचत नाही.

भाषेच्या बाबतीत एक आग्रह आहे. अंतिम अहवाल विद्यापीठाच्या माध्यमात द्यावाच लागेल, पण पहिला खर्डा विद्यार्थ्याला घरच्या भाषेत लिहू द्यावा. बालाघाटच्या चिन्नोर तांदळाचेच पाहा, त्यालाही 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या धानाची लावणी, लोंबी, कीड, वास यांबद्दल आमच्या मुलांजवळ आईवडिलांकडून आलेले बारीक ज्ञान आहे, आणि ते पोवारीत, मराठीत आहे. पहिल्याच ओळीपासून पुस्तकी हिंदी किंवा इंग्रजी मागितली तर ते ज्ञान कागदावर उतरतच नाही. निरीक्षण आधी यावे. परिभाषा त्यावर चढवता येते.

या क्षेत्रात पाऊल ठेवण्यासाठी नव्या पदाची किंवा आदेशाची वाट पाहू नका. येत्या सत्रात आपल्या विषयातला एकच घटक निवडा. त्यावर एक पान लिहून घ्या, समासात दोन प्रश्न विचारून ते परत द्या आणि पुन्हा लिहून घ्या. मग दोन्ही पाने शेजारी ठेवून सहकाऱ्यांना दाखवा, आणि पुढच्या सत्रात त्यांच्यापैकी एकाला तरी आपल्यासोबत घ्या.