उसाच्या एका रोगाचे नामकरण

कराडला लागून असलेल्या मलकापुरातून बाहेर पडले, की ऊस दिसू लागतो. या भागातील कित्येक घरांतली शिक्षणे, लग्ने आणि कर्जफेड त्याच्यावरच अवलंबून असतात. म्हणून खोडव्यातील एखादे बेट पांढुरके पडून गवतासारखे फुटू लागले, की शेतकऱ्याच्या काळजात धस्स होते. अशा बेटात गाळपाजोगा ऊस धरत नाही. हाच 'गवताळ वाढ' रोग. त्याच्या कारणाचा शोध कसा लागला, तो इतिहास आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत.

भारतात या रोगाची पहिली नोंद १९४९ साली झाली, तीही महाराष्ट्रात, तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील बेलापूर येथे. रोग बेण्यातून पसरे. पण रोगजंतू सूक्ष्मदर्शकाखाली सापडेना आणि प्रयोगशाळेतील बशीत वाढेना. तेव्हा हे काम विषाणूचेच असणार, असा समज रूढ झाला. १९६७ साली जपानमध्ये योजी दोई व त्यांच्या सहकाऱ्यांनी रोगट तुतीच्या अन्नवाहिन्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. तेथे विषाणू नव्हते. पेशीभित्तिका नसलेले अतिसूक्ष्म जिवाणू होते. टेट्रासायक्लीन दिल्यावर तुतीचा रोग ओसरला, ही दुसरी साक्ष. विषाणूवर हे औषध चालत नाही. पुढे उसातही तसेच जिवाणू आढळले. आज त्यांना 'फायटोप्लाझ्मा' म्हणतात.

तरीही हे जिवाणू बशीत वाढत नाहीत. मग त्यांची जात ओळखावी कशी? येथे रेणवीय जीवशास्त्र कामी आले. रोगट पानातून डीएनए वेगळा काढून त्यातील जनुकांची अक्षरे वाचता येऊ लागली. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील संशोधकांनी उसातील या जिवाणूचा जनुकसंच वाचला आणि २०२१ साली त्याला नाव मिळाले: 'कॅन्डिडाटस फायटोप्लाझ्मा सॅकरी'. सेमिनरीत लॅटिन शिकलेल्या आम्हांला हे नाव वाचून मौज वाटली. 'कॅन्डिडाटस' म्हणजे शुभ्रवस्त्रधारी. प्राचीन रोममध्ये पदाचा उमेदवार पांढरा झगा घालून फिरे. जो जिवाणू स्वतंत्रपणे वाढवून दाखवता येत नाही, त्याचे नाव असे उमेदवारीवरच राहते. शास्त्राने आपल्या ज्ञानाची मर्यादा नावातच नोंदवून ठेवली आहे.

पहिल्या नोंदीपासून नामकरणापर्यंत बहात्तर वर्षे गेली. मात्र शेतकरी तोवर निरुपाय नव्हता. रोगट बेटे उपटून टाकणे, बेण्याला उष्ण हवेची प्रक्रिया देणे आणि निरोगी मळ्यातूनच बेणे घेणे, हे उपाय कारण नीट कळण्याआधीपासून उपयोगी पडत होते. नव्या ज्ञानाने त्यांत मोलाची भर घातली. वरून निरोगी दिसणाऱ्या बेण्यात लपलेला रोग आता डीएनएच्या चाचणीने लागणीपूर्वीच ओळखता येतो. एका कांडीतला रोग साऱ्या मळ्यात जातो; म्हणून शेजाऱ्याला बेणे देणाऱ्याने आधी आपले शेत नीट पाहावे. शेजारधर्माचा आरंभ तेथूनच होतो, असे आम्ही मानतो.