मलेरियाची गोळी, हत्तीरोगाची गोळी आणि स्वस्तातलं एक इंजेक्शन

पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा, पण वाचा.

कामठीत आजही कितीतरी घरांत औषधाच्या डब्यात कोरोनाच्या वेळचं पाकीट पडून आहे. एचसीक्यू, आयव्हरमेक्टिन, डॉक्सी, झिंक. मुदत कधीचीच संपली, पण फेकवत नाही. "यानेच वाचलो भाऊ" म्हणणारे मला गोरा बाजारापासून कन्हानच्या पुलापर्यंत भेटतात. "याच्यातच लुटलो" म्हणणारेही तितकेच भेटतात. दोघंही खरं बोलतात, म्हणजे आपापल्या घरात घडलं ते सांगतात. प्रश्न असा की ते औषध लागू पडलं की नाही हे एका घरावरून कळतं का?

यासाठी थोडं मागे जावं लागेल. आपलं गाव मुळात छावणीचं. १८२१ साली इंग्रजांनी कन्हानच्या काठी फौज बसवली आणि त्या फौजेभोवती गाव वाढलं. नदीकाठची छावणी म्हटली की हिवताप आला आणि हिवताप म्हटला की कोयनेल. त्या काळी हिंदुस्थानातल्या फौजेत शिपायांना रांगेत उभं करून समोरच कोयनेल गिळायला लावायचे. साध्या माणसासाठी सरकारने पोस्टातून कोयनेलच्या पुड्या विकल्या. ताप कसलाही असो, हात आधी कोयनेलकडे जायचा, ही सवय तेव्हापासूनची.

मग आलं १९१८. जूनमध्ये मुंबईत बंदरावरचे पोलीस शिपाई आजारी पडले आणि पावसाळा सरता सरता तो ताप देशभर पसरला. हिंदुस्थानात सव्वा ते दोन कोटी माणसं गेली असा अंदाज आहे. आपला मध्य प्रांत आणि वऱ्हाड सर्वात जास्त मार बसलेल्या मुलखांत होता. हा रोग विषाणूचा आहे हे तेव्हा डॉक्टरांनाही माहीत नव्हतं. माणसाच्या फ्लूचा विषाणू सापडला १९३३ साली. त्यामुळे जगभरच्या डॉक्टरांनी हाताशी होतं ते दिलं : कोयनेल आणि अॅस्पिरिन. कोयनेलने फ्लूला काही केलं नाही. अॅस्पिरिन तर कुठे कुठे इतक्या मोठ्या मात्रेत दिलं गेलं की काही मृत्यू त्यामुळेच झाले असावेत, असं नंतरच्या एका अभ्यासकाने मांडलं आहे.

जुनं औषध नव्या रोगावर वापरून पाहणं यात मूर्खपणा काहीच नाही, उलट शहाणपण आहे. नवं औषध शोधून बाजारात आणायला दहा-दहा वर्षं जातात. जुन्या औषधाचे दुष्परिणाम माहीत असतात, कारखाने तयार असतात, किंमत आवाक्यात असते. साथ दारात उभी असताना दहा वर्षं कोण थांबणार? चूक औषध वापरून पाहण्यात नसते. पाहणं अर्धवट सोडून नुसतं वापरण्यात असते.

२०२० मध्ये नेमकं तेच झालं. ११ मार्चला नागपुरात पहिला रुग्ण सापडला. २० मार्चच्या सुमारास फ्रान्समधल्या मार्सेच्या डॉक्टरांचा अभ्यास जगभर फिरला, की हायड्रॉक्सिक्लोरोक्विनने विषाणू लवकर जातो. ही गोळी म्हणजे एका अर्थाने कोयनेलचं नातवंडच. त्या अभ्यासात जेमतेम ३६ रुग्ण होते. औषध घेणाऱ्या २६ जणांपैकी ६ जण हिशेबातून वगळले, आणि त्या सहांतले तिघं आयसीयूत गेले होते, एक वारला होता! दोनच दिवसांनी आपल्या आयसीएमआरच्या कृती दलाने आरोग्य कर्मचाऱ्यांना आणि रुग्णाच्या घरच्यांना ही गोळी प्रतिबंध म्हणून सुचवली. कर्मचाऱ्यांना पहिल्या दिवशी ४०० मिलिग्रॅम दोनदा, मग सात आठवडे आठवड्यातून एकदा. मुंबई पालिकेने धारावी आणि वरळीत सरसकट वाटायचा बेत केला होता, तो पुढे बारगळला. मग निर्यातबंदी, मग ट्रम्प यांचा फोन आणि धमकी, मग बंदी सैल. टीव्हीवर हे सगळं देशाच्या अभिमानाचं म्हणून दाखवलं गेलं. पण संधिवात आणि ल्युपसची माणसं वर्षानुवर्षं याच गोळीवर जगतात, त्यांना त्या एप्रिलमध्ये दुकानात गोळी मिळत नव्हती. त्यांची बातमी आतल्या पानावर.

उत्तर मिळालं ५ जूनला, इंग्लंडमधून. तिथल्या रिकव्हरी चाचणीत रुग्णालयात भरती रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी केली. कोणाला औषध, कोणाला नेहमीचे उपचार, हे डॉक्टरच्या मनावर ठेवलं नाही. एचसीक्यू घेतलेल्या १५६१ जणांपैकी २८ दिवसांत २७ टक्के गेले, न घेतलेल्या ३१५५ पैकी २५ टक्के. म्हणजे रुग्णालयातल्या रुग्णाला फायदा शून्य.

त्याच चाचणीने अकरा दिवसांनी, १६ जूनला, दुसरी गोष्ट सांगितली. माझ्या मते या सगळ्या साथीतली ही सर्वात मोठी बातमी, आणि आपल्याकडे तिचा गाजावाजा सर्वात कमी झाला. डेक्सामेथासोन. १९५०च्या दशकातलं स्टेरॉइड. दमा, अॅलर्जी, सांधेदुखीला वापरतात, गल्लीतल्या कोणत्याही मेडिकलमध्ये काही रुपयांत मिळतं. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत मृत्यू ४१ टक्क्यांवरून २९ टक्क्यांवर आले. नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांत २६ वरून २३. मात्रा रोज फक्त ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. हे औषध विषाणूला मारतच नाही. विषाणूशी लढताना शरीराचीच यंत्रणा बिथरते आणि फुप्फुसं जाळते, तिला ते आवरतं. त्याच महिनाअखेरीस केंद्र सरकारने ते उपचारांच्या नियमावलीत घेतलं.

आता याच अभ्यासातला तिसरा आकडा बघा. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती, त्यांच्यात औषध घेतलेले १७.८ टक्के गेले आणि न घेतलेले १४. म्हणजे फायदा नाहीच, नुकसानीची शंका. औषध तेच, दिवस चुकला तर उलटं. २०२१ च्या उन्हाळ्यात खाट मिळत नव्हती म्हणून आपल्याकडे घरोघरी दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून स्टेरॉइड सुरू झालं, तेही दामदुप्पट मात्रेत, त्यात शुगरवाले. मे महिन्यात म्युकरमायकोसिसने नागपुरात किती जणांचे डोळे आणि जबडे नेले ते आपण पाहिलं. स्टेरॉइड हे त्याचं एकमेव कारण नव्हतं, मोठं कारण मात्र होतं.

आयव्हरमेक्टिनची गोष्ट तर आपल्या जिल्ह्याच्या जास्तच जवळची. २०१९ मध्ये हत्तीरोग घालवण्यासाठी तीन औषधं एकत्र द्यायची मोहीम देशातल्या ज्या पहिल्या मोजक्या जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात नागपूर होतं. त्या तिघांतलं एक आयव्हरमेक्टिन. म्हणजे आपल्या जिल्ह्याने ही गोळी कोरोनाच्या आधीच खाल्ली होती, आशाताईंच्या समोर उभं राहून. जपानच्या मातीतल्या जंतूपासून निघालेलं हे औषध, २०१५ चं नोबेल मिळवून देणारं, कृमींवर उत्तमच आहे. कोरोनावर ते चाललं ते ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगशाळेत, काचेच्या भांड्यात, आणि तेही इतक्या मात्रेत की नेहमीच्या डोसाने माणसाच्या रक्तात तेवढं पोहोचत नाही. तरी मे २०२१ मध्ये गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांनी १८ वर्षांवरच्या सगळ्यांना पाच दिवस १२ मिलिग्रॅम देण्याची घोषणा केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सौम्या स्वामिनाथन यांनी लगेच हरकत घेतली. इजिप्तचा ज्या अभ्यासावर मोठी भिस्त होती, तो जुलैत मागे घ्यावा लागला. सप्टेंबर २०२१ मध्ये आयसीएमआर-एम्सच्या यादीतून एचसीक्यू आणि आयव्हरमेक्टिन दोन्ही गेली. पुढे ब्राझीलमध्ये १३५८ रुग्णांवर नीट चाचणी झाली, तिथेही फायदा दिसला नाही.

मग "यानेच वाचलो" म्हणणारा खोटा का? नाही बाप्पा. शंभरातले बहुतेक जण काहीही न घेता बरे होणारच होते, त्यांच्या खिशात गोळी होती एवढंच.

आणि रेमडेसिव्हिर. मूळचं हिपॅटायटिस आणि इबोलासाठी तपासलेलं. ऑक्टोबर २०२० मध्येच जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीने सांगितलं होतं की मृत्यू टळण्यात त्याचा फरक नगण्य. सहा महिन्यांनी, १९ एप्रिल २०२१ ला, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला आदेश द्यावा लागला की नागपूरला दहा हजार कुप्या त्याच रात्री पाठवा. सरकारने दर उतरवायला लावले, एका कंपनीची २८०० ची कुपी ८९९ वर आली. पण कागदावर. बाहेर काय भावाने घेतली हे ज्यांनी घेतली त्यांना विचारा. विणकराने माग विकला, कोणी मंगळसूत्र. त्याच वॉर्डात, त्याच टेबलावर, जीव वाचवतं हे सिद्ध झालेलं इंजेक्शन काही रुपयांत पडलेलं होतं, आणि त्यासाठी कोणाला रांगेत उभं राहावं लागत नव्हतं.

तेव्हाही शांतपणे बोलणारे डॉक्टर होते. इथून फार लांब नाही, सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाचे डॉ. एस. पी. कलंत्री पुराव्याशिवायच्या औषधांवर उघड बोलत होते. त्या गदारोळात ऐकायला कोण मोकळं होतं हा भाग वेगळा.

एक काम आहे तुमच्याकडे. एप्रिल-मे २०२१ ची औषधांची बिलं, चिठ्ठ्या, डिस्चार्ज कार्डं ज्यांच्याकडे असतील त्यांनी रद्दीत घालू नका. १९१८ मध्ये कामठीच्या कोणत्या घरात काय दिलं, कितीला घेतलं, कोण वाचलं याचा एक कागद मला आजवर मिळालेला नाही. यावेळचे कागद मी गोळा करतोय. नाव झाकून, फक्त तारीख, औषध, मात्रा आणि किंमत लिहून ठेवणार आहे. मुदत संपलेल्या गोळ्या मात्र मला आणून देऊ नका, त्या आधी फेका.